अक्कांचं अस्तर

माझ्या नणंदबाईंना साधं बटण लावता येत नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्यांचं बरंच कौतुक करावं लागणार आहे आणि ते मला फार वेळ झेपत नाही. लग्न होऊन मी या घरात आले, त्याच आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर एक पांढरा कोट टाकला. "याचं बटण तुटलंय. तू शिवणकाम करतेस ना?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता त्या जिना चढून वर गेल्या. मी बटण लावलं आणि कोट वर नेऊन दिला. त्यांनी बटण ओढून बघितलं, पुन्हा एकदा ओढून बघितलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे." त्यांच्याकडून मिळालेलं माझं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक ते हेच.

घरात आणि दवाखान्यात त्यांना सगळे अक्काच म्हणतात. नवऱ्याच्या या थोरल्या बहिणीने लग्न केलं नाही. आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर त्या राहतात, म्हणजे दोन्ही अर्थांनी डोक्यावर, असं मी रागात असले की म्हणते. घरात त्या चालायला लागल्या की कुणीतरी कपाट सरकवतंय असं वाटतं. पातेलं ठेवतात ते आपटून, दार लावतात ते भिंत हलेल असं. आणि त्या कधीच चुकत नाहीत. निदान त्यांचं तसं ठाम मत होतं, आणि दुर्दैवाने बहुतेक वेळा ते खरंही निघायचं.

एकदा त्या डबा विसरून गेल्या म्हणून मी तो द्यायला दवाखान्यात गेले. डोळ्यांचा मोठा दवाखाना आहे तो. मागच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर अक्कांची खोली. दोन दारं, त्यांच्या मध्ये चपला काढायची जागा, हात कोपरापर्यंत धुवायचे, अत्तर लावून यायचं नाही, नखं वाढवायची नाहीत. मला अर्थातच आत सोडलं नाही. मी काचेतून बघत उभी राहिले. आत अक्का एका काचेच्या पेटीसमोर बसल्या होत्या, हात पेटीत, आणि ते हात इतके सावकाश हलत होते की हीच का ती बाई, असं वाटलं. चिमट्याने त्यांनी एक पारदर्शक पडदा उचलला. भिजलेल्या कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ. तो बशीत पसरला, एकही सुरकुती पडू दिली नाही. मी शिवणारी बाई आहे. कापड पसरण्यातली कारागिरी मला कळते. त्या दिवशी घरी येताना मी मनातल्या मनात त्यांना थोडे मार्क वाढवून दिले.

त्या नक्की काय करतात हे मला कळलं ते आणखी उशिरा, त्यांच्या थंडीच्या कोटामुळे. कोटाचं वरचं कापड उत्तम होतं, पण आतलं अस्तर कुणीतरी हलकं लावलेलं. एका धुण्यात ते आटलं आणि वरच्या चांगल्या कापडाला चुण्या पडल्या. अक्का माझ्या शिवणाच्या दुकानात येऊन म्हणाल्या, "कापडच खराब निघालं."

"कापड सोन्यासारखं आहे," मी म्हटलं. "अस्तर दगा देतंय. वरचं कापड कसं पडेल ते आतलं अस्तर ठरवतं, अक्का."

त्या एकदम गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसल्या. आजवर त्या माझ्या दुकानात कधी बसल्या नव्हत्या. "हेच," त्या म्हणाल्या, "हेच मी नव्या डॉक्टरांना ओरडून ओरडून सांगते."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. बुबुळाचं काळं जिथे संपतं आणि पांढरं सुरू होतं, त्या गोल काठावर मूळ पेशी राहतात. बुबुळावरची स्वच्छ त्वचा रोज झिजत असते, आणि या मूळ पेशी नव्या पेशी पाठवून ती भरून काढतात. मूळ पेशीला दोन कामं. घरी आपल्यासारखी एक शिल्लक ठेवायची आणि एक कामावर पाठवायची. कामावर गेलेली मोठी होते, चपटी होते, काही दिवस राबते आणि झडून जाते. ती परत येऊन पुन्हा लहान होत नाही.

"कुणी घरी थांबायचं आणि कुणी मोठं व्हायचं, हे पेशी एकटी ठरवत नाही," अक्का म्हणाल्या. "तिच्या बाहेर प्रथिनं असतात. काही पायाखाली अंथरलेली, ती सांगतात, घट्ट धरून बस, तू अजून मूळ आहेस. काही वरच्या रसात विरघळलेली, ती सांगतात, वाढ, फूट, चल पुढे. दोन्हीकडचं ऐकून ती वागते. खालचं अंथरूण नीट नसेल, किंवा वरून फारच हाकाटी झाली, तर सगळ्याच पोरी एकदम मोठ्या होतात."

"म्हणजे आमच्यासारखंच," मी म्हटलं. "एकीकडून सासू सांगते, एकीकडून नवरा."

अक्का हसल्या नाहीत. पण दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात त्यांनी हा विनोद स्वतःचा म्हणून खपवला, हे मला पुढे त्यांच्या डॉक्टरांकडून कळलं.

तर त्यांचं काम हे. ज्याचा एक डोळा भाजला आहे आणि दुसरा चांगला आहे, त्याच्या चांगल्या डोळ्याच्या काठावरून तांदळाच्या कणीपेक्षाही लहान तुकडा घ्यायचा. बाळंतपणात पडणाऱ्या वारेवर एक पातळ पडदा असतो. तो त्या बाईच्या परवानगीने घेतलेला असतो. त्यावरच्या जुन्या पेशी हलक्या हाताने खरवडायच्या, पण त्यांच्या खालची प्रथिनांची चादर फाटू द्यायची नाही. मग त्या चादरीवर तो तुकडा वाढवायचा. पडदा पेशींनी भरला की डॉक्टर तो भाजलेल्या डोळ्यावर लावतात. डॉक्टर शिवतात, अक्का अस्तर आणि कापड दोन्ही देतात.

या खोलीत अक्कांनी स्वतःचा एक कायदा केला होता. आलेल्या प्रत्येक तुकड्याचे दोन भाग करायचे, दोन बशांत ठेवायचे, दोन वेगळ्या उबेच्या कपाटांत. आणि दोन्ही बशांना पोषणाचा रस घालणारे हात वेगळे. एक अक्कांचे, दुसरे खोलीत त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या जोडीदारणीचे. एकीने दुसरीच्या बशीला बोटही लावायचं नाही. "एकीचा हात चुकला तर दुसरीचा शाबूत," असं त्या म्हणायच्या, आणि म्हणताना चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं की चुकणारा हात आपला नसणार. काम दुप्पट होतं म्हणून जोडीदारीण कुरकुरायची. अक्का बधल्या नाहीत.

आता माझ्या नवऱ्याचं सांगते. आमचे हे नळदुरुस्तीचं काम करतात. स्वभावाने बहिणीच्या अगदी उलट. घरात वावरले तर कळतही नाही. मला चाळिशी लागली तेव्हा चष्मा लावायला मी तयार नव्हते, आणि सुईत दोरा ओवताना माझा जीव जायचा. यांनी ते एकदा बघितलं. दुसऱ्या दिवसापासून कामाला जाण्याआधी खिडकीपाशी बसून ते माझ्या दिवसभराच्या सुया ओवून उशीला टोचून ठेवायला लागले. रंगाप्रमाणे, ओळीने. मी कधी आभार मानले नाहीत आणि त्यांनी कधी वाट बघितली नाही.

एका कचेरीच्या तळघरात पाइप तुंबला होता. कुणीतरी आधीच त्यात पाइप मोकळा करायची जहाल पावडर ओतून ठेवली होती आणि सांगितलं नव्हतं. यांनी जोड उघडला आणि ते पाणी उसळून डाव्या डोळ्यात गेलं. डोळे वाचवायला घालायचा कामाचा चष्मा कपाळावर सरकवलेला. तसेच नळाखाली डोकं घालून बसले, सोबतच्या माणसाने किती ओढलं तरी उठले नाहीत, म्हणून उजवा डोळा वाचला. डावा वाचला नाही. महिन्याभरात बुबुळावर पांढरट, लालसर रेघांची साय चढली. उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा.

एका डोळ्याने माणूस चालतो, फिरतो, जेवतो. पण सुईचं नेढं एका डोळ्याला सापडत नाही. दोरा कधी नेढ्याच्या पुढून जायचा, कधी मागून. काही दिवस ते बसले खिडकीपाशी. मग एका सकाळी नुसतेच कामाला गेले. मी मुकाट्याने चष्मा केला. 

डॉक्टर म्हणाले, बुबुळाची आतली काच शाबूत आहे, वरचा थर आणि काठच्या मूळ पेशी गेल्या आहेत, अक्कांचा पडदा लावता येईल. पण त्यासाठी उजव्या डोळ्याच्या काठावरून तुकडा घ्यावा लागणार होता. हे ऐकून यांनी खुर्ची मागे सारली. "एक गेला. दुसऱ्याला मी हात लावू देणार नाही."

अक्का म्हणाल्या, "धाकट्या, काठ गोल असतो. आम्ही त्यातला जेमतेम चिमूटभर घेतो. तो भरून येतो."

"आणि नाही वाढला तर? पुन्हा मागशील?"

"नाही मागणार. एकदाच. आणि वाढेल."

"कशावरून?"

"वाढवणार मी आहे," अक्का म्हणाल्या. एरवी त्यांचं हे बोलणं ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती. त्या दिवशी मी त्या वाक्याला दोन्ही हातांनी धरून बसले. यांनीही शेवटी मान हलवली. स्वतःच्या भावाचं काम स्वतःकडे नको, असं अक्कांनी डॉक्टरांना सांगून बघितलं, पण त्या आणि त्यांची जोडीदारीण सोडून ते काम करणारं दुसरं कुणी आसपास नव्हतंच.

तुकडा घेतला, कायद्याप्रमाणे दोन बशांत गेला. आणि अक्कांच्या बशीतून चांगल्या बातम्या यायला लागल्या. पेशी धरल्या. पेशी पसरल्या. निम्मा पडदा भरला. अक्का जिन्यावरूनच ओरडून सांगायच्या. जोडीदारणीची बशी मात्र रेंगाळत होती. "तिचा हातच मंद आहे," अक्का म्हणाल्या. नेहमीपेक्षा बरेच दिवस आधी अक्कांचा पडदा भरला आणि डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीखही अलीकडे घेतली. मी देवापुढे उभी राहिले नाही, पण अक्कांच्या कोटाची सगळी बटणं न सांगता पक्की करून ठेवली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, अक्का दुकानात आल्या. दार आपटलं नाही. मी कापायचं थांबवलं. त्या स्टुलावर बसल्या.

"उद्याचं मी थांबवलंय."

"का? पडदा भरला ना?"

"भरला. पण भरला तो मोठ्या झालेल्या पेशींनी. लावण्याआधी कडेची एक पट्टी कापून रंग देऊन बघतो आम्ही. मूळ पेशी असतील तर गडद रंग धरतात. यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. बाकी सगळ्या चपट्या, पसरलेल्या. लावला तर काही आठवडे सुंदर दिसेल. मग झिजेल, आणि मागून नवीन पाठवायला घरी कुणी नसेल."

"अंथरूण फाटलं?"

"अंथरूण चांगलं होतं." अक्का माझ्याकडे बघत होत्या, नजर चुकवली नाही. "वरच्या रसात वाढीचं प्रथिन मी जास्त घातलं. माझ्याच प्रमाणापेक्षा जास्त. रोज थोडं थोडं. धाकटा डोळ्याला पट्टी लावून जिन्यात बसलेला दिसायचा. मला वाटलं, लवकर व्हावं."

माझ्या हातात मोठी कात्री होती. ती मी आधी खाली ठेवली, मग बोलले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. अति तिथे माती हे शाळेतल्या पोरालाही कळतं, असं म्हटलं. परक्याच्या डोळ्याला मापाने घालता आणि भावाच्या डोळ्याला ओंजळीने, असं म्हटलं. एकदाच घेऊ म्हणाला होतात, असं तीनतीनदा म्हटलं. अक्कांनी एकदाही मला थांबवलं नाही. माझा श्वास संपल्यावर त्या उठल्या. "बरोबर आहे तुझं. आता त्याला सांगते. तू ये किंवा नको येऊस."

मी गेले. अक्कांनी भावाला उभ्या उभ्या सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं तसंच, एक शब्द कमी नाही. ते जिन्याच्या पायरीवर बसले होते. 

"दुसरी बशी?" त्यांनी विचारलं.

"आहे. लहान आहे. पण तिच्यातल्या पेशी बारीक आहेत, गोल आहेत, एकमेकींना धरून आहेत. मी काल पहिल्यांदा नीट बघितलं."

"तिला खाऊ कोण घालतंय?"

"माझी जोडीदारीण."

"मग तिलाच घालू दे," ते म्हणाले.

मला वाटलं, आता अक्का कोसळणार. त्या कोसळल्या नाहीत. "तिलाच घालू देणार आहे," त्या म्हणाल्या, "कायदा माझाच आहे. आणि ती बशी भरेल, धाकट्या. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. माझं प्रमाण चुकलं, पण पेशी ओळखायला मी चुकत नाही." खरं सांगू? इतक्या बोलण्यानंतर ही बाई पुन्हा तोच ताठा दाखवते आहे, हे बघून मला राग यायला हवा होता. मला धीर आला. जी बाई स्वतःची चूक इतकी सरळ सांगते, तिचं "भरेल" म्हणणंही सरळच असणार.

डॉक्टरांनी थोडी घासाघीस केली. तयार पडदा डोळ्यासमोर होता, दिसायलाही सुरेख होता. "लावून बघू या का? काही तरी धरेल." अक्का म्हणाल्या, "डॉक्टर, दिसतंय ते कापड आहे. टिकवणारं त्यात काही नाही." आणि बशी त्यांच्यासमोरून उचलून घेतली.

मग वाट बघणं आलं. अक्कांना त्या बशीपाशी जायचं नव्हतं, म्हणून त्यांचे हात रिकामे झाले आणि आमच्यावर संक्रांत आली. धुतलेली पातेली त्यांनी पुन्हा धुतली. माझ्या दोऱ्यांची रिळं रंगाप्रमाणे लावली, चुकीची लावली. शेवटी मी त्यांच्या हातात एक चिंधी, एक सुई आणि एक बटण दिलं आणि म्हटलं, शिका. त्या जीव तोडून शिकल्या. पहिलं बटण चिंधीसकट त्यांच्या ओढणीला शिवलं गेलं. दुसरं जरा बरं होतं, इतकंच म्हणते.

जोडीदारीण तिच्या मंद हाताने, मापाने, रोज ठरलेला रस घालत राहिली. बशीतल्या पेशी आधी आपल्यासारख्या आणखी करत राहिल्या, मग थोड्या थोड्या पुढे पाठवत राहिल्या, आणि पडदा सावकाश, काठाकाठाने भरत गेला. कडेची पट्टी कापून रंग दिला तेव्हा तो बघायला अक्कांना बोलावलं. त्या दिवशी संध्याकाळी घराचं दार असं आपटलं की वरचा चुना पडला. मी शिलाई मशीनवरून न उठताच ओळखलं.

ऑपरेशन झालं. पट्टी, थेंब, तपासणी, पुन्हा थेंब. साय गेली होती, पण तिच्या जागी आलेला नवा थर स्वच्छ व्हायला वेळ लागत होता. आधी हाताची हालचाल, मग बोटं, मग भिंतीवरच्या घड्याळाचे काटे. डॉक्टर प्रत्येक वेळी तक्ता वाचून घ्यायचे. तक्त्यातलं काय वाचलं ते हे मला सांगायचे, मी मान हलवायचे. तक्ता वाचणं म्हणजे बघणं नव्हे, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

एका सकाळी मी चहा ठेवत होते. अक्का कामाला निघायच्या आधी खाली येऊन बसल्या होत्या. बाहेर आले तर हे खिडकीपाशी. मांडीवर माझी सुयांची उशी, हातात पांढरा दोरा. मी दारातच थांबले.

दोरा नेढ्याच्या पुढून गेला. यांनी टोक पुन्हा ओलं केलं, बोटांत वळलं. दुसऱ्यांदा दोरा नेढ्याच्या कडेला लागून वाकला. त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. तेवढ्यात टेबलावरून अक्कांचा हात पुढे आला, आण इकडे, असं म्हणायला तोंडही उघडलं होतं.

"अक्का," मी म्हटलं.

त्यांनी हात मागे घेतला. नुसता मागे घेतला नाही, मांडीखाली दाबून त्याच्यावर बसल्या, लहान पोरासारख्या. यांनी तिसऱ्यांदा टोक वळलं, दोन्ही डोळे बारीक केले आणि दोरा आत गेला. त्यांनी तो पलीकडून ओढून घेतला, सुई उशीला टोचली आणि दुसरी सुई उचलली.  आत चहा उतू गेला तरी मी दारातून हलले नाही.

अक्का उठल्या. वाकून त्यांनी उशीतल्या सुईचा दोरा ओढून बघितला, पुन्हा एकदा ओढून बघितला. मग पाठ फिरवून दाराकडे जाता जाता म्हणाल्या, "ठीक आहे."